एकच ट्रॅक, तीन जागा: मधेच ईक्यू कसा बदलायचा?

हे आपल्या ताज्या एपिसोडचं लिखित रूप. गर्दीत नीट ऐकू आलं नसेल, किंवा ऐकून झाल्यावर आकडे पुन्हा बघायचे असतील, त्यांच्यासाठी. एपिसोडमध्ये मी जिथे आवाज वाजवून दाखवले, तिथे इथे शब्दांत सांगतोय. बाकी गप्पा त्याच.

आजचा प्रश्न स्वतःचा पॉडकास्ट सुरू करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. एका माणसाचा आवाज एकाच ट्रॅकवर आहे, पण रेकॉर्डिंग वेगवेगळ्या ठिकाणी झालंय. सुरुवातीला जमवलेला इक्वलायझर, म्हणजे आपला ईक्यू, पुढच्या भागाला चालत नाही. मग एकाच ट्रॅकवर मधेच ईक्यू बदलता येतो का? आणि बदलला तर ऐकणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून काय करायचं?

उत्तर आधीच सांगतो. बदलता येतो, तीन रस्ते आहेत, आणि तिन्ही सोपे आहेत. अवघड काम पुढचं आहे: दोन सेटिंगमधलं खरंच चांगलं कोणतं, हे कानाने ठरवणं. आपला कान त्यात फार सहज फसतो. त्यामुळे आज दोन्ही बघू.

आधी ईक्यूची दोन मिनिटांत ओळख

तरुण माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. खालचे आकडे म्हणजे खर्ज, डग्ग्याचा घुमारा. वरचे आकडे म्हणजे झांजेची झणझण, 'स' आणि 'श'ची सळसळ. ईक्यू म्हणजे या पट्ट्यातला एखादा भाग निवडून तेवढाच कमी-जास्त करण्याची सोय. व्हॉल्यूमचं बटण सगळं एकदम वाढवतं, ईक्यू निवडक वाढवतो. किती वाढवलं किंवा कमी केलं ते डेसिबलमध्ये मोजतात.

माणसाच्या बोलण्यात कुठे काय असतं? पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, बाईच्या आवाजाचा १६५ ते २५५ च्या आसपास. २०० ते ४०० मध्ये आवाजाची ऊब असते. तिथेच जास्त झालं की आवाज रांजणातून आल्यासारखा घुमतो. १००० ते ४००० मध्ये शब्द कळतात. ५००० ते ८००० मध्ये 'स', 'श', दातावरचा 'च' यांची धार असते. 'चार' मधला 'च' आणि 'चाक' मधला 'च' वेगळे आहेत ना? त्यातल्या 'चाक'वाल्या 'च'मध्ये 'स'चा अंश आहे, म्हणून तो वरच्या पट्ट्यात जास्त उमटतो. मराठी आवाजाचं एडिटिंग करताना ही गोष्ट लक्षात ठेवा. इंग्रजी ट्युटोरियलवाला तुम्हाला हे सांगणार नाही.

आता खरी केस

आपल्या एसटीवाल्या काकांचा एपिसोड आठवत असेल. निवृत्त कंडक्टर. डबल बेल, मुक्कामी गाडी, तिकिटांची पेटी, सगळं मनापासून सांगितलं त्यांनी. त्या एपिसोडमध्ये काकांचा एकच ट्रॅक होता, पण त्यात तीन जागा होत्या.

पहिली २२ मिनिटं त्यांच्या बाहेरच्या खोलीत. फरशी, उघड्या भिंती, वर पंखा. नंतर वीज गेली, खोलीत उकडायला लागलं, म्हणून आम्ही ओट्यावर येऊन बसलो. तिथली ९ मिनिटं. आणि शेवटची ७ मिनिटं फोनवर.

ही फोनवरची ७ मिनिटं महत्त्वाची. रेकॉर्डिंग करून मी परत आलो आणि दोन दिवसांनी काकांचा स्वतःहून फोन आला. म्हणाले, "घरात सगळ्यांसमोर बोलता येईना. आता शेतात आलोय. तुमचं ते मशीन सुरू करता येतंय का?" मग त्यांनी ऑगस्ट २०१९ च्या महापुराबद्दल सांगितलं. ते ड्युटीवर, गाडी अडकलेली, प्रवासी सोबत. गावात पाणी चढत होतं आणि घरी त्यांची आई एकटी. प्रवाशांना सोडून निघता येईना. शेजाऱ्यांनी आईला वर काढलं, ती सुखरूप राहिली. पण त्या रात्री आपण कुठे होतो, हे काकांनी इतकी वर्षं घरात उघडपणे बोलून दाखवलं नव्हतं. एपिसोडमध्ये हे ठेवू का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते "ठेवा" म्हणाले.

म्हणजे बघा, सगळ्या एपिसोडमधलं सगळ्यात मोलाचं बोलणं सगळ्यात वाईट आवाजात होतं. बटणांचा जुना फोन, गावाबाहेरची रेंज. ऐकणारा इअरफोन लावून बसमध्ये बसलाय, तीस मिनिटं भरदार आवाज ऐकतोय, आणि अचानक पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज. त्याचा अंगठा कुठे जाईल? थेट पुढच्या एपिसोडवर.

हा नुसता माझा अंदाज नाही. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शास्त्रज्ञांची तीच भाषणं आणि त्याच मुलाखती लोकांना ऐकवल्या, काहींना स्वच्छ आवाजात, काहींना बिघडवलेल्या आवाजात. मजकूर अक्षरशः तोच. तरी खराब आवाजात ऐकणाऱ्यांना ते संशोधन कमी महत्त्वाचं वाटलं आणि बोलणारा माणूस कमी हुशार वाटला. थोडक्यात, माइकचा दोष आपण नकळत माणसाच्या पदरात टाकतो. मी घरात चांगल्या माइकसमोर बसून भारदस्त वाटणार आणि शेतातून बोलणारे काका किरकोळ वाटणार, हे मला मान्य नव्हतं. ईक्यूची एवढी उस्तवार त्यासाठी.

एकच सेटिंग का चालत नाही

खोलीतल्या भागात काकांचा आवाज २५० हर्ट्झच्या आसपास घुमत होता. तिथे मी ३ डेसिबल कमी केले आणि ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. आपल्याकडे विजेची गुणगुण ५० हर्ट्झवर असते, तीही या कापाकापीत बरीच कमी होते. 'भ', 'फ', 'ठ' म्हणताना माइकवर जो फुंकरीचा धक्का बसतो, तोही बराचसा याच खालच्या भागात असतो. पंख्याचा सूं आवाज मात्र सगळ्या पट्ट्यात पसरलेला असतो, तो ईक्यूने जात नाही. त्याच्यासाठी नॉइज रिडक्शन वेगळं.

ओट्यावर भिंती नाहीत, त्यामुळे घुमणं नाही. उलट आवाज थोडा पातळ. तिथे २०० हर्ट्झला २ डेसिबल वाढवावे लागले, आणि वाऱ्याच्या गडगडीमुळे खालची कात्री ८० ऐवजी १०० वर न्यावी लागली.

आता फोन. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो. म्हणजे काकांच्या आवाजाचा मूळ स्वर फोनमध्ये जवळजवळ नसतोच! तरी आपल्याला तो पुरुषाचाच आवाज वाटतो. कारण मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं फोनमधून येत राहतात आणि त्यांच्यातल्या अंतरावरून मेंदू खालचा हरवलेला स्वर स्वतःच जुळवतो. वरची बाजूही कापलेली, म्हणून फोनवर 'स' आणि 'फ' यांचा घोळ होतो. "सोडलं म्हणालात की फोडलं?" असं फोनवर विचारावं लागतं ते यामुळे. हल्ली ४जीवर जो एचडी कॉल लागतो, त्यात पट्टा साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो, म्हणून तो जास्त जिवंत वाटतो. काकांचा कॉल त्यातला नव्हता.

फोनच्या भागात मला ३५० हर्ट्झच्या जवळ २ डेसिबल वाढवायचे होते, थोडी ऊब यावी म्हणून. १२०० च्या आसपास ४ डेसिबल कमी करायचे होते, कारण डब्यातला आवाज तिथे बसलेला. आणि ३५०० च्या वर सगळं कापायचं होतं, कारण तिथे बोलणं नव्हतंच, नुसती खरखर होती.

गंमत कळली का? खोलीतल्या भागात जिथे मी कमी करतोय, तिथेच किंवा त्याच्या शेजारी पुढच्या दोन भागांत वाढवतोय. तिन्हींची सरासरी काढून एक सेटिंग लावलं, तर तिन्ही भाग थोडे थोडे बिघडतील. म्हणून मधेच बदलायचं.

रस्ता पहिला: कापा आणि खालच्या ट्रॅकवर टाका

सगळ्यात सोपा आणि कुठल्याही मल्टिट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये चालणारा. बँडलॅबसारखं मोबाइलवरचं अ‍ॅप असलं तरी जमतं. जागा बदलते तिथे क्लिप कापायची, तो तुकडा नव्या ट्रॅकवर सरळ खाली ओढायचा, वेळ पुढे-मागे सरकू द्यायची नाही. आता प्रत्येक ट्रॅकला स्वतःचा ईक्यू. ट्रॅकला नावं द्या: काका-खोली, काका-ओटा, काका-फोन. महिन्याने फाइल उघडाल तेव्हा स्वतःलाच दुवा द्याल.

तोटा एकच. पाहुणे तीन आणि प्रत्येकाच्या जागा तीन, की ट्रॅक नऊ. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर ते सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो.

रस्ता दुसरा: क्लिपलाच ईक्यू लावा

हा माझा आवडता. काही सॉफ्टवेअरमध्ये इफेक्ट पूर्ण ट्रॅकऐवजी एकेका तुकड्याला लावता येतो. रीपरमध्ये तुकड्याला आयटम म्हणतात. कर्सर हव्या जागी न्या, 'एस' दाबा, आयटम कापला जातो. तो तुकडा निवडून शिफ्ट आणि 'ई' दाबा, त्या तुकड्यापुरती इफेक्टची खिडकी उघडते. तिथे रीईक्यू लावा. ट्रॅक एकच राहतो, पण तीन तुकड्यांना तीन वेगळे ईक्यू. रीपर ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं, त्यामुळे प्रयोग करायला हरकत नाही.

यात अजून एक फायदा आहे. रीपरमध्ये आवाज आधी आयटमच्या इफेक्टमधून जातो आणि नंतर ट्रॅकच्या. म्हणून कामाची वाटणी करता येते: दुरुस्ती तुकड्यावर, चव ट्रॅकवर. तीन भाज्या वेगवेगळ्या शिजवल्या, कुणाला जास्त पाणी, कुणाला कमी, आणि शेवटी फोडणी एकच घातली, असं समजा. घुमणं काढणं, डबा काढणं ही दुरुस्ती तुकड्यावर. कॉम्प्रेसर आणि हलकासा शेवटचा ईक्यू ट्रॅकवर, तिन्हींना समान. ही समान फोडणीच तीन जागांचा आवाज एका माणसाचा वाटायला मदत करते.

ऑडॅसिटी वापरत असाल तर इथे जरा लक्ष द्या. २०२२ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून त्यात वाजताना बदलता येणारे रिअल-टाइम इफेक्ट आले, पण ते पूर्ण ट्रॅकला लागतात. तुकड्यापुरता ईक्यू हवा असेल तर तेवढा भाग निवडून इफेक्टच्या मेन्यूतून ईक्यू लावायचा. तो आवाजात कायमचा मुरतो. म्हणून आधी कंट्रोल आणि 'डी' दाबून ट्रॅकची एक प्रत काढून ठेवा, तिला म्यूट करा, आणि मग प्रयोग करा.

रस्ता तिसरा: ऑटोमेशन

यात ईक्यूचा नॉब सॉफ्टवेअर स्वतः फिरवतं. ट्रॅकच्या खाली एक रेषा असते, तिच्यावर तुम्ही बिंदू ठेवता: इथे २५० हर्ट्झ ३ डेसिबल खाली, इथून पुढे शून्य. रीपरमध्ये ईक्यूचा हवा तो नॉब जरा हलवायचा, मग खिडकीच्या वरच्या 'पॅराम' बटणातून त्या नॉबची रेषा ट्रॅकवर आणायची. ईक्यू चालू-बंद करण्याचीसुद्धा अशी रेषा काढता येते. म्हणजे एकाच ट्रॅकवर दोन ईक्यू ठेवायचे, एक चालू तेव्हा दुसरा बंद.

पण जागा एकदम बदलते तिथे ऑटोमेशनपेक्षा तुकडे करणंच सुटसुटीत. ऑटोमेशनची खरी गरज लागते ती आवाज हळूहळू बदलतो तेव्हा. काका रंगात आले की माइकच्या अगदी जवळ यायचे आणि गुपित सांगितल्यासारखं बोलायचे. दिशा धरून ऐकणाऱ्या माइकच्या जवळ गेलं की खर्ज फुगतो, त्या माइकचा हा गुणधर्मच आहे. सरसकट खर्ज कमी केला तर ते मागे टेकून बोलताना आवाज पातळ होतो. म्हणून जिथे ते पुढे आले तिथे १५० हर्ट्झचा पट्टा दोन सेकंदांत हळूच ४ डेसिबल खाली, मागे गेले की हळूच परत वर. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, आणि कळू नये हेच अपेक्षित.

सांधा कुठे करायचा

रस्ता कुठलाही घ्या, बदलाची जागा नीट निवडा. शब्द चालू असताना ईक्यू एकदम बदलला की 'टक्' असा आवाज येऊ शकतो, आणि आला नाही तरी एकाच शब्दाचे दोन रंग ऐकू येतात. वाक्य संपून श्वास घेण्याआधीची जी जागा असते, तिथे बदला. श्वास पुढच्या वाक्याचा असतो, त्याला पुढच्या तुकड्यात जाऊ द्या. दोन तुकड्यांमध्ये २० ते ३० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड ठेवा, म्हणजे एक मावळताना दुसरा उगवेल.

आणि एक गोष्ट. सांधा बऱ्याचदा आवाजापेक्षा मागच्या शांततेमुळे उघडा पडतो. खोलीत पंखा, ओट्यावर चिमण्या आणि लांबून ट्रॅक्टर, फोनमध्ये खरखर. पंखा एका क्षणात गायब झाला की ऐकणारा दचकतो. म्हणून प्रत्येक जागी कुणीही न बोलता ३० सेकंद शांतता रेकॉर्ड करायची सवय लावा. ती शांतता वेगळ्या ट्रॅकवर टाकून सांध्याच्या अलीकडे-पलीकडे हळू सरकवत न्यायची. मी ओट्यावरचा चिमण्यांचा आवाज खोलीतल्या शेवटच्या वाक्याखालीच बारीक सुरू केला. वीज गेली ते काकाच बोलण्यात सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही वाटतं की आपण त्यांच्यासोबत बाहेर आलो.

आता कान कसा फसतो ते

दोन सेटिंग तयार आहेत. चांगलं कोणतं? बऱ्याच ईक्यू प्लगइनमध्ये 'ए' आणि 'बी' अशी दोन बटणं असतात. एक सेटिंग 'ए'मध्ये, दुसरं 'बी'मध्ये, आणि वाजत असताना इकडून तिकडे उडी. नसतील तर ईक्यू चालू-बंद करून बघता येतं, किंवा दोन प्रीसेट सेव्ह करून.

पण यात एक सापळा आहे. जे सेटिंग थोडंसं मोठं वाजतं, ते आपल्याला चांगलं वाटतं. नुसतं मोठं आहे म्हणून! हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मोजून दाखवलं की कान सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या ऐकत नाही, आणि हा फरक आवाज किती मोठा आहे त्यावर बदलतो. हळू वाजताना खर्ज कमी ऐकू येतो, मोठं केलं की भरतो. ईक्यूमध्ये कुठेही वाढवलं की एकूण आवाज थोडा वाढतो. मग 'बी' जास्त भरदार, जास्त स्पष्ट वाटतो आणि आपण खूश. एखाद-दोन डेसिबलचा फरकही निकाल फिरवायला पुरतो.

उपाय सोपा आहे. तुलना करण्याआधी दोन्ही सेटिंग सारखी मोठी करा. ईक्यूमध्ये शेवटी आउटपुटचा नॉब असतो, त्याने जेवढं वाढलं तेवढं खाली आणा. मीटरवर बघा. लाउडनेस दाखवणारं मीटर असेल तर तेच वाक्य दोन्ही सेटिंगमध्ये वाजवून आकडा जुळवा. अ‍ॅपल पॉडकास्ट संपूर्ण एपिसोडसाठी उणे १६ एलयूएफएसच्या आसपासची पातळी सुचवतं. पण तुलनेसाठी आकडा कोणता यापेक्षा दोन्हीकडे तोच असणं महत्त्वाचं.

मग डोळे मिटा. बटणावर बोट ठेवून पटापट दहा-बारा वेळा दाबा, मोजू नका. आता कुठलं सेटिंग चालू आहे हे तुम्हालाच माहीत नाही. ऐका, निवडा, मगच डोळे उघडा. तीनदा केलं आणि तिन्ही वेळा तेच सेटिंग निवडलं, तर फरक खरा. एकदा हे, एकदा ते असं झालं, तर तो फरक तुमच्या डोळ्यांनी पाहिलेल्या वळणदार रेषेत होता, आवाजात नव्हता. अशा वेळी कमी छेडछाड केलेलं सेटिंग ठेवायचं.

आणखी एक. नुसता फोनचा भाग सतत ऐकत बसू नका. दहा मिनिटांत कानाला तो डबा सवयीचा होतो. ओट्यावरचं शेवटचं वाक्य आणि फोनचं पहिलं वाक्य एकापाठोपाठ वाजवा. ऐकणारा तसंच ऐकणार आहे.

शेवटची चाचणी फोनच्या स्पीकरवर. त्यातून खालचा खर्ज जवळपास येतच नाही. हेडफोनवर १०० हर्ट्झशी केलेली कारागिरी तिथे वाया जाते, पण १००० ते ४००० मधली चूक लगेच टोचते. तुम्ही बहुतेक जण फोनवरच ऐकता, म्हणून माझा अंतिम निकाल तिथेच लागतो.

ईक्यूने काय होत नाही

फोनमध्ये ३४०० च्या वर जे आलंच नाही, ते ईक्यूने आणता येत नाही. तिथे १० डेसिबल वाढवलेत तर खरखर १० डेसिबल वाढेल, 'स' परत येणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

म्हणून फोनचा भाग खोलीतल्यासारखा करायचा प्रयत्न मी केला नाही. दोन गोष्टी केल्या. एक, डबा काढला आणि शब्द समोर आणले, म्हणजे कानाला त्रास होणार नाही. दोन, तो भाग सुरू होण्याआधी माझ्या आवाजात एकच वाक्य टाकलं: "दोन दिवसांनी काकांनी शेतातून फोन केला." एवढं कळलं की ऐकणाऱ्याचा कान तयारीत राहतो. फोनचा आवाज मग दोष वाटत नाही, ती जागा वाटते. घरात न बोललेली गोष्ट माणूस शेतात जाऊन फोनवर सांगतोय, तर ती फोनसारखीच ऐकू यायला हवी.

काकांच्या बोलण्यातले थांबेही मी कापले नाहीत. एका ठिकाणी चार-पाच सेकंद नुसती खरखर आहे. तिथे वरची बाजू कापल्यामुळे खरखर बारीक झाली, पण ती पूर्ण घालवली असती तर कॉल तुटला असं वाटलं असतं. तिथे काका फोनवरच होते, फक्त बोलत नव्हते.

एपिसोड आल्यावर काकांनी तो घरच्यांसोबत ऐकला. फोन करून म्हणाले, "आवाज माझाच वाटतोय बघा." आईबद्दल कुणी काय बोललं ते मी विचारलं नाही.

तुमच्यासाठी घरचा अभ्यास

मोबाइलवर स्वतःचा आवाज तीन ठिकाणी रेकॉर्ड करा: बाथरूममध्ये, गच्चीवर, आणि पांघरुणात डोकं घालून. एकच वाक्य तिन्हीकडे बोला, आणि त्यात 'चार चाकं' आणि 'सोड, फोड' हे शब्द असू द्या. प्रत्येक ठिकाणी ३० सेकंद गप्प बसा. मग तिन्ही तुकडे एका ट्रॅकवर जोडा आणि वर सांगितलेल्यापैकी एका रस्त्याने तीन ईक्यू लावा. आधी नको तिथे कमी करा, वाढवायचं सगळ्यात शेवटी, आणि एका जागी ३-४ डेसिबलच्या पुढे जाण्याआधी थांबून पुन्हा ऐका. मग सगळ्यांची पातळी जुळवून, डोळे मिटून तुलना.

झालं की काही न सांगता घरातल्या कुणाला तरी ऐकवा. "मधे काय झालं?" असं त्यांनी विचारलं, तर सांधा अजून उघडा आहे. त्यांनी तुमच्या बोलण्याबद्दल काही विचारलं, तर जमलं.

पुढच्या भागात पंख्याचं बघू. हा सूं आवाज ईक्यूने जात नाही म्हटलं ना, मग कशाने जातो आणि किती घालवायचा, ते. तोपर्यंत ऐकत राहा, आणि रेकॉर्डिंगआधी ३० सेकंद गप्प बसायला विसरू नका!